सकाळी किल्ला, दुपारी कबरस्तान

उधना, सुरत
मंगळवार, ७ जानेवारी

मृणाल,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे.

रविवारी फोनवर मी जरा जास्त बोलले, कबूल. ‘आयत्या बिळावर नागोबा’ हे तर म्हणायलाच नको होतं. पण म्हणून तू माझा नंबरच बंद करून टाकावास? व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या निरोपापुढे एकच टिक येते आणि तिथेच बसून राहते. तिचा अर्थ ह्यांनी, म्हणजे तुझ्या लाडक्या प्रकाशरावांनी, मला समजावून सांगितला आणि सांगताना हसू लपवायचे कष्टही घेतले नाहीत. असो. नाशिकच्या पोस्टमनला तुला बंद करता यायचं नाही.

आता मुद्द्याचं. पेपरातली ती मुलाखत मी चार वेळा वाचली. आपल्या शाळेतली जयश्री, बमरोलीच्या लूमवर काम करणाऱ्या दगाची मुलगी, दर रविवारी मराठी माणसांना एका दिवसात जुनं सुरत पायी फिरवते, याचं मला कौतुकच आहे. फोटोही चांगला आलाय, किल्ल्यासमोर छत्री धरून. पण खाली काय छापलंय? ‘हे शहर मला मृणालबाईंनी दाखवलं. कुठल्या वेळी कुठल्या बाजूने चाललं की सावली मिळते, ते त्यांच्यामुळे कळलं.’

तुझ्यामुळे म्हणे. त्या वर्षी दिवाळीची अख्खी सुट्टी ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर वही घेऊन, कुठली भिंत किती वाजता कुठे सावली टाकते ते कोण टिपत होतं? तू तेव्हा माहेरी फराळ खात होतीस. निम्मी मुलं फाटक्या चपलांत यायची आणि चार-पाच अनवाणी. त्यांचे पाय भाजू नयेत म्हणून मी तो कागद केला. साडेसातला किल्ला, कारण तेव्हा नदीकडच्या बाजूला भिंतीची सावली असते. आत सरकारी कचेऱ्या होत्या, त्यामुळे बाहेरूनच. नऊला मुघलसराई, हजच्या यात्रेकरूंसाठी बांधलेली, आता जिथे महानगरपालिका भरते ती. दहाला शहापोरचं चिंतामणी देरासर, म्हणजे जैन मंदिर, तिथलं लाकडी कोरीवकाम आणि रंगवलेलं छत, कारण दुपारी ते बंद होतं. आणि भर बाराला कतारगाम दरवाज्याजवळची इंग्रजांची आणि डचांची कबरस्तानं. स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठ्यांदा तूच हसली होतीस. ‘विजयाताई, पोरांना डबे कबरींवर खायला लावणार का?’ पण बाराच्या उन्हात जुन्या सुरतेत त्या घुमटांखाली जेवढं थंड असतं तेवढं कुठेच नसतं, हे मी दोनदा जाऊन पाहिलं होतं. चारला झांपाबाजारचा घड्याळाचा टॉवर आणि साडेपाचला गोपी तलाव. तलावात तेव्हा पाणी नव्हतं. मी मुलांना काठावर बसवून ‘आहे असं समजा’ म्हणायचे.

सहा ठिकाणं, एक दिवस, आणि एकाही मुलाला चक्कर नाही. शाळा सोडेपर्यंत दर फेब्रुवारीत मी ती सहल नेली. शिष्यवृत्तीचे निकाल, स्नेहसंमेलनं, सगळं लोक विसरले. माझ्या नावावर एवढा एकच कागद आहे, आणि आता तोही तुझ्या नावावर चढला.

जयश्री पहिल्या सहलीच्या वर्षी सातवीत होती. सहलीला ती होती की नव्हती, ते मला आता धड आठवत नाही. ऐंशी मुलं होती. पण कागद माझा, हे तुला पक्कं आठवतं.

मुलाखतीत लिहिलंय की या सहलीची छोटी पुस्तिका ती महिनाअखेर छापायला देणार आहे आणि ती ‘मृणालबाईंना’ अर्पण आहे. त्याआधी तू तिला एक फोन कर आणि सांग, हा रस्ता विजयाबाईंनी आखला. मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही. एवढंच मागणं आहे. ते पुरं केलंस की खुशाल नंबर बंद ठेव.

विजया

*

बुधवार, १५ जानेवारी

मृणाल,

काल उत्तरायण झालं. आज सकाळी गच्चीवरचा मांजा गोळा करत होते तेवढ्यात तुझं पाकीट आलं. दीड पानाच्या माझ्या पत्राला तुझ्या दोन ओळी. ‘ताई, सांगते तिला तुमचं नाव. पण आधी एकदा तिच्या सहलीला जाऊन या, मग तुम्ही म्हणाल तसं.’

हे तुझं नेहमीचं आहे. आवाज चढवायचा नाही, दोन गोड ओळी बोलायच्या, आणि समोरचा माणूस आपोआप वाईट ठरतो. तेरा वर्षं एका स्टाफरूममध्ये बसून मी हेच पाहिलं. मी घसा फोडून पाढे पाठ करून घ्यायचे आणि गुरुपौर्णिमेला फुलं तुझ्या टेबलावर. मुलांच्या आया माझ्याकडे दाखल्यावर सही घ्यायला यायच्या आणि तुझ्याकडे खानदेशी कळण्याची भाकरी घेऊन. माझ्या निरोपसमारंभालासुद्धा तू नाशिकहून आलीस, चार वाक्यं बोललीस, आणि टाळ्या तुला जास्त पडल्या. मी मोजत नव्हते, पण कळतं ना माणसाला. जळतच होते मी तुझ्यावर. आता अडुसष्टाव्या वर्षी ते लपवून काय करायचंय?

आणि ‘सहलीला जाऊन या’ यामागे तुझा रोख काय आहे, तेही मला कळतं. मला आठवत नाही असं मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. आठवतं.

ती सहलीला नव्हती. मी तिला बसमधून उतरवलं.

पण का उतरवलं, तेही नीट आठव. पालकांच्या सहीशिवाय एकही मूल न्यायचं नाही, हा नियम मी केला नव्हता. अर्ध्या मुलांचे वडील अंगठेबहाद्दर, म्हणून मीच सुचवलं की अंगठाही चालेल. बाकीच्यांनी आदल्या दिवशी चिठ्ठ्या दिल्या. ही सकाळी सात वाजता बसमध्ये चढल्यावर चिठ्ठी काढते. शाई अजून ओली. मी सहज तिचा हात उलटा करून पाहिला, तर तिचाच अंगठा निळाशार. तू माझ्या जागी असतीस तर काय समजली असतीस? पोरीने बापाच्या जागी स्वतःचा अंगठा उठवला, हेच ना? सगळ्या मुलांदेखत मी एवढंच म्हणाले, ‘जयश्री, खाली उतर. खोटं बोलणाऱ्यांना किल्ला बघायला मिळत नाही.’ मला शिस्त राखायची होती, दहा तास रस्त्यावर ऐंशी मुलं सांभाळायची होती. तू मागे शाळेत राहणार होतीस, न येणाऱ्या मुलांबरोबर. तुला काय, ‘ये बाळ’ म्हणायला.

त्यानंतरच्या रविवारी तू तिला एकटीला घेऊन तोच सगळा रस्ता फिरलीस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, माझ्या कपाटातला माझा कागद घेऊन. मला न विचारता. कपाटाला कुलूप नव्हतं म्हणून काय झालं? तुझी सुट्टी होती, तुझे पाय होते, मान्य. कागद तर माझाच होता.

तू म्हणतेस तर जाते. ह्यांच्या नावाने रविवारचं बुकिंग केलंय, तिला माझं नाव कळायला नको. केस तेव्हा काळे होते, आता पांढरे आणि आखूड आहेत. ओळखायची नाही ती.

विजया

*

सोमवार, २० जानेवारी

मृणाल,

काल जाऊन आले. रात्रभर पायांना तेल चोळत बसले होते, म्हणून आज लिहिते.

एकवीस जण होतो. बँकेतले, शाळेतले, कडोदऱ्याच्या एका मिलमधलं एक जोडपं, पुण्याहून आलेल्या दोन मैत्रिणी. साडेसातला किल्ला. आता तो छान दुरुस्त केलाय, आत जाता येतं. पण तिने आधी आम्हाला नदीकडच्या भिंतीलगत उभं केलं आणि म्हणाली, ‘इथे उभे रहा, अजून तासभर सावली हलत नाही.’ तासभर. मी वहीत पन्नास मिनिटं लिहिलं होतं. पोरगी बोलते छान. मध्येच गुजराती, मध्येच हिंदी, कुणाचा पाय दुखला की लगेच कळतं तिला. रस्ता ओलांडायचा कुठे, वळायचं कुठे, सगळं माझं. तिच्या मागोमाग मीच चालत होते आणि तिथे माझं काहीच नव्हतं. हेही बरोबर होते, ते मला दोनदा म्हणाले, ‘अगं, तोंड जरा सरळ कर.’

बाराला कबरस्तान. तिथे ती म्हणाली, ‘इंग्रजांनी आपल्या माणसाचा घुमट बांधला, म्हणून डचांनी त्याहून मोठा बांधला. माणसं मेल्यावरही शेजाऱ्याच्या घराकडे बघायचं सोडत नाहीत.’ सगळे हसले. मृणाल, ते वाक्य माझं आहे. पहिल्या सहलीआधी स्टाफरूममध्ये मी ते म्हणून दाखवलं होतं. मी ठरवलं, डबे खाऊन झाले की सरळ जाऊन हिला सांगायचं, बस झालं आता.

डबे उघडले तेव्हा पुण्याच्या बाईंनी विचारलं, ‘तुम्ही या कामात कशा आलात?’ आणि ती सांगायला लागली.

बस, चिठ्ठी, अंगठा, सगळं. म्हणाली, ‘माझ्या वडिलांची रात्रपाळी होती. पहाटे आले. घरात शाईचं पॅड कुठलं? मी रिफिल तोडली, माझ्या अंगठ्यावर शाई घेतली आणि तीच त्यांच्या अंगठ्याला चोळली. म्हणून माझा निळा होता.’ वीस माणसं च्च च्च करत होती. मृणाल, मीही केलं. सगळे करताहेत आणि आपण गप्प बसलो तर दिसेल, म्हणून मी पण च्च च्च केलं.

मग ती म्हणाली, ‘सोमवारी पाळी बदलून दुपारची झाली. कामावर जायच्या आधी माझे वडील शाळेत गेले होते. त्या बाईंच्या वर्गाच्या दारात अख्खा तास उभे राहिले.’

हे मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नाही. तुला माहीत आहे, तू व्हरांड्यातून पाहिलंस. तो दारात आला, अंगठा वर करून उभा राहिला. धुऊनसुद्धा निळा रंग कडेने राहिला होता. म्हणाला, ‘हाऊ मनाच अंगठा शे, बाई. पोरनी फक्त शाई लायी.’ अंगठा आपलाच आहे, एवढं एकदाच म्हणाला. मी हजेरीपटातून मान वर केली नाही. ‘तास संपू दे,’ म्हटलं. मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं की मी चुकले. मुलांसमोर चुकले म्हणायचं नव्हतं, म्हणून मी तो तास चांगला पाऊण तास लांबवला. त्याची पाळी सुरू व्हायची वेळ झाली आणि तो गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी आपण मुलांना म्हणीत शिकवतो. त्या तासाला मी तेच करत होते.

मिलमधल्या गृहस्थाने विचारलं, ‘कोण होत्या हो त्या बाई? नाव सांगा ना.’

जयश्री म्हणाली, ‘नाव नाही सांगत. हा सगळा रस्ता त्यांनीच आखलाय. कुठे किती वाजता सावली, एकेक मिनिट त्यांचं आहे. पण रस्त्यासाठी नाव घेतलं तर बससाठीपण घ्यावं लागेल. अर्धंच सांगायला मला जमत नाही. आणि मृणालबाई मला म्हणाल्या होत्या, बेटा, त्या बाईंचा शाळेत मान आहे, तो राहू दे.’

म्हणजे तिला सगळं माहीत आहे. तू माझं नाव चोरलंस असं मी समजत होते, आणि तू ते सव्वीस वर्षं झाकून ठेवलं होतंस. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मी तुला दीड पान पत्र लिहून मूठ उघड म्हणत होते. मला तुझा राग यायला हवा होता तेवढाही आता येत नाही, आणि ते मला अजिबात सहन होत नाही.

मी डबा बंद केला. टॉवर आणि तलाव मी पाहिले की नाही, ह्यांना विचार.

तिला फोन करू नकोस. माझं नाव सांगू नकोस. निदान मी पुढचं पत्र लिहीपर्यंत.

विजया

*

शनिवार, २५ जानेवारी

मृणाल,

काल तुझा फोन आला, मी उचलला नाही. तूही जरा वाट बघायचा अनुभव घे. पण निरोप वाचला. ‘ताई, मी सुरतेला येऊ का? जयश्रीला आपण दोघी मिळून भेटू.’ त्याचं उत्तर शेवटी आहे. आधी ऐक.

काल सकाळी मी दोन बस बदलून कोसाडला गेले. जयश्री आणि दगा आता तिथल्या वसाहतीत राहतात. बरोबर एक कागद नेला होता, पुस्तिकेत छापण्यासाठी. त्यावर दोन ओळी होत्या. ‘हा रस्ता विजया प्रकाश देशमुख यांनी आखला. या रस्त्यावरच्या पहिल्या सहलीतून त्यांनी जयश्री हिला खोट्या संशयावरून उतरवलं आणि तिच्या वडिलांना दारात उभं ठेवलं.’ चार वेळा लिहून काढला.

दार जयश्रीने उघडलं. मी नाव सांगणार तेवढ्यात ती म्हणाली, ‘या, विजयाबाई.’

म्हटलं, ‘कधी ओळखलंस?’

‘मुघलसराईपाशी. सगळे सावलीत आले आणि तुम्ही घड्याळात बघितलं.’

‘आणि तरी माझ्यासमोर ती गोष्ट सांगितलीस?’

‘दर रविवारी सांगते, बाई. तुम्ही आलात म्हणून गाळायची का?’

शाळेत असती तर बाकावर उभी केली असती, असं मनात आलंच. सवय जात नाही.

कागद दिला. तिने वाचला, परत वाचला आणि म्हणाली, ‘दोन्ही ओळी छापायच्या?’ म्हटलं, दोन्ही, नाहीतर एकही नको. ती म्हणाली, ‘बाबांना विचारते.’

दगा आत खाटेवर बसला होता. गुडघे गेलेत, कानाला थोडं कमी येतं, नजर मात्र ठीक आहे. त्याची बायको कलाबाई चार वर्षांपूर्वी गेली. मी समोर खुर्चीवर बसले आणि कागद न वाचता सांगितलं, ‘तो अंगठा तुमचाच होता. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी चुकले.’ एवढं बोलायला मला सव्वीस वर्षं लागली आणि पाव मिनिट.

तो आपल्या अंगठ्याकडे बघत बसला. रागावला असेल म्हणून मी उठायच्या बेतात होते. मग त्याने विचारलं, ‘बाई, तठे काय शे एवढं?’

मला कळेना. म्हटलं, ‘कुठे?’

‘जठे पोरले नेवानं व्हतं. किल्ला, ते समदं.’

जयश्री म्हणाली, ‘मी कितीदा बोलावलं, बाबा येतच नाहीत.’ तर तो तिच्याकडे न बघता मला म्हणाला, ‘पोर बलावस. पन तठे समदा शिकेल लोक ऱ्हातस. त्यास्ना मझार मी काय करू? चाळीस वरीस सुरतमा काढात, आजून किल्ला दखा नही.’ मग म्हणाला, ‘तुम्ही माले दखाडशात का?’

मृणाल, किल्ला दाखवाल का, हे त्याने मला विचारलं. तुझी आठवण त्याला असणारच, तू त्याच्या घरी गेली होतीस, पाणी प्यायली होतीस, मुलीला सांभाळून परत आणून सोडलं होतंस. तेव्हा बमरोली माझ्या घरापासून वीस मिनिटांवर होती आणि मी गेले नव्हते. फुलांचा नाही, टाळ्यांचाही नाही, मला खरा हेवा त्याचा वाटतो. तू त्या दारात उभी राहिलीस. मला ते सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी मी गेले नसते.

त्याला मी हो म्हटलं. दोन फेब्रुवारीला, रविवारी. त्याला चालवत नाही, म्हणून दिवसभरासाठी रिक्षा सांगितली आहे. रस्ता नव्याने आखायला बसले आहे. रिक्षा कुठे थांबेल, किती पायऱ्या आहेत, बसायला ओटा कुठे मिळेल, हे सगळं वेगळं आहे. ह्यांनी कालपासून स्कूटर दोनदा काढली. गोपी तलावात आता पाणी आहे, तेवढं एक बरं झालं.

जयश्री म्हणाली, ‘बाई, मी पण येते, मला सुट्टी आहे.’ मी तिला सांगितलं, तू नाही यायचंस.

आणि तू विचारलंस, येऊ का. ये, फेब्रुवारीत कधीही ये, तीन तारखेपासून पुढे कधीही. कोवळ्या ज्वारीच्या पोंकाचे वडे करीन, महिनाभर रहा, जयश्रीला आपण दोघी मिळून भेटू, पुस्तिकेची छपाई जयश्रीने पुढे ढकलली आहे, त्यात काय छापायचं ते तुम्ही दोघी ठरवा. पण दोन तारखेला सुरतेत पाऊल ठेवू नकोस. तू आलीस तर तो तुझ्याशी बोलत बसेल, मला ठाऊक आहे, सगळे बसतात. ऐंशी मुलांतली एक मी खाली उतरवली आणि ती तुझी झाली. हा एक माणूस मला एकटीला दाखवू दे.

तुझी,
विजया